दुपारचं रडणं

लातूर जिल्हा वेगळा झाला आणि नव्या कचेऱ्यांना माणसं कमी पडायला लागली, तेव्हा माझ्या नवऱ्याची नांदेडहून तिकडे बदली झाली. कलेक्टर कचेरी अजून नीट बसलेली नव्हती. एक खातं शाळेच्या खोल्यांत, दुसरं कुणाच्या तरी बंगल्यात. टेबलं आली तर खुर्च्या नाहीत, असा कारभार. त्यात पावसानं ओढ दिलेली. आम्ही तिघं, म्हणजे मी, हे आणि माझ्या सासूबाई, ट्रंका-वळकट्या घेऊन उतरलो आणि घर शोधत फिरलो. आडनाव सांगितलं की खोली 'कालच गेली' असायची. शेवटी एका धान्य व्यापाऱ्याच्या विधवेनं आम्हाला दारात उभं करून एकच प्रश्न विचारला, "पाणी जपून वापरता का?" हे 'हाव, जपूनच' म्हणाले आणि आम्हाला घर मिळालं.

घर म्हणजे तिच्या अंगणापलीकडच्या दोन खोल्या. माळवदाचं घर, जाड भिंती. बाहेरच्या खोलीत आम्ही राहायचो. आतली पूर्वी धान्याची कोठी होती. तिला खिडकी नव्हती, नुसता वर एक झरोका. तुरीचा वास भिंतींतून गेलाच नव्हता. उन्हाळ्यात तीच खोली थंड, म्हणून सासूबाईंनी आपलं बस्तान तिथं बसवलं.

आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. मूल नव्हतं. मला दिवसही कधी राहिले नाहीत. आमच्या गावचे, लोह्याकडचे नातेवाईक म्हणायचे, दिराचा धाकटा मांडीवर घ्या. सासूबाईंनीच ते मोडून काढलं. "त्याला त्याची माय हाय," त्या म्हणाल्या. "ज्याला कुणीच न्हाई ते आणा." सासऱ्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती आणि परत आल्यावर घरातले देव टोपल्यात घालून नदीत सोडले होते. अंगारा, उतारा, भगत, अंगात येणं, सगळं त्या दिवशी घरातून गेलं. सासरे वारले, पण सासूबाईंनी ती शिस्त सोडली नाही. सकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. भुताखेताचं कुणी काढलं तर उठून जायच्या.

नांदेडला असतानाच आम्ही मूल दत्तक घ्यायला एका संस्थेत नाव दिलं होतं. बदली झाली तसं तिथून कळलं की जिल्हा बदलला, घर बदललं, आता घराची पाहणी पुन्हा होईल. थांबा. म्हणून आम्ही थांबलो, आणि थांबता थांबता शिवत बसलो. सासूबाईंनी वाकळ घातली. खाली सासऱ्यांचं धोतर, मध्ये त्यांची स्वतःची विरलेली लुगडी, वर माझ्या साड्यांचे तुकडे. कडेनं टाके घालत गोल गोल आत जायचं, मधोमध पोचलं की वाकळ पुरी. मी झबली, टोपडी, कुंची शिवत होते. गल्लीतल्या शिंप्याची बायको आम्हाला चिंध्या आणून द्यायची. बारक्या बारक्या, पण रंगांच्या.

टँकर भर दुपारी यायचा. एकदा मी घागर घेऊन परतले तर घरमालकीण काकू ओट्यावर सूप घेऊन डाळ पाखडत होत्या. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, आवाज खणखणीत.

"आलं का गं लेकरू तुमचं?"

"कुठं काकू, अजून पाहणीच व्हायचीय."

"मग मघापासून रडून राह्यलंय कोण?"

मी म्हटलं, मांजर असेल.

"लेकरं वाढवलेली बाई हाय मी. मला मांजर कळंना व्हय?"

आत गेले तर सासूबाई मान खाली घालून टाके घालत होत्या. कुणी आलं होतं का, असं विचारलं. त्या वर न बघता "न्हाई" म्हणाल्या.

मी ते सोडून दिलं. पण मग भाजीवाली म्हणाली, तान्ह्याला पडसं झालंय का, आवाज बसलाय. आणि एका दुपारी शिंप्याची बायको चिंध्यांचं गाठोडं घेऊन उंबऱ्याशी आली, थबकली आणि एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "झोपवा आधी. मी मागनं येते." बोटांवर चालल्यासारखी गेली. मी दारातच उभी. घरात काही नव्हतं. उन्हानं तापलेल्या गल्लीत माणूस नव्हतं. मला ऐकू येत होता तो फक्त आतल्या खोलीत वाकळीतून ओढल्या जाणाऱ्या दोऱ्याचा आवाज.

ह्यांना सांगितलं तर ते हसले. तरी रविवारी दुपारी आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत मुद्दाम गप्प बसलो. सासूबाई लोह्याला गेलेल्या. कोठीचं दार सताड उघडं होतं. आम्ही कान देऊन बसलो. काही नाही. हे मला म्हणणार होते, बघ, लोकांचं काय ऐकायचं. तेवढ्यात अंगणापलीकडचं दार धाडकन उघडलं आणि काकू केस मोकळे तशाच बाहेर आल्या. एक तळहात कानावर दाबलेला.

"अहो, उचला की त्याला! किती रडवता?"

हे उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं होतं. काकूंनी आमच्याकडं बघितलं, आमच्या रिकाम्या हातांकडं बघितलं, उघड्या कोठीकडं बघितलं. मग आत गेल्या आणि कडी लावून घेतली.

त्यानंतर मी कोठीत एकटी जाईनाशी झाले. एक दिवस कपड्यांच्या टोपलीतली कुंची उचलली तर तिचा बंद ओला लागला. टोकाशी चघळल्यासारखा, चुरगळलेला. घरात तांब्याभर पाणी वाया जात नव्हतं तेव्हा. सासूबाईंनी सुईत ओवताना दोरा समजून बंद तोंडात धरला असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण दोरा पांढरा होता आणि बंद निळा. मी कुंची ट्रंकेत टाकली आणि वर उशी ठेवली.

दोन-चार दिवसांनी काकू उंबऱ्यापाशी येऊन म्हणाल्या, "आमच्या स्वामींना बोलवू का? इभूत फुंकतील. बाकी काही न्हाई."

सासूबाई आतूनच म्हणाल्या, "नको. आम्ही ते सोडलंय." आवाजात राग नव्हता, पण पुढं बोलायला जागाही नव्हती.

आता मला वेगळीच धास्ती लागली. पाहणीला येणाऱ्या संस्थेच्या ताईंना कुणी सांगितलं तर? किंवा त्यांनाच ऐकू आलं तर? घरात दुसरंच मूल लपवलंय असं त्यांना वाटायचं, किंवा आम्हाला वेड लागलंय असं. मी ह्यांना म्हटलं, भेट सकाळची मागा. त्यांनी मागितलीही. पण ताईंची एसटी वाटेत बंद पडली आणि त्या आल्या भर दुपारी, पदरानं तोंड पुसत.

चहा झाला. त्यांनी झबली हातात घेऊन बघितली, वाकळीचं कौतुक केलं. ह्यांना नोकरीचं विचारलं, मला रागाचं विचारलं, येतो का आणि आल्यावर काय करता. बोलता बोलता त्यांची मान कलली. कप बशीत ठेवला.

"आत कुणाचं बाळ आहे?"

माझ्या तोंडात 'शेजारचं' आलं होतं. पण हे म्हणाले, "ताई, घरात बाळ नाही. आम्हा दोघांना काही ऐकू येत नाही. पण गल्लीतल्या सगळ्यांना येतं. खोटं कशाला सांगू, कारण आम्हालाच माहीत नाही."

ताई उठल्या आणि कोठीत गेल्या. दार लोटून घेतलं. आम्ही बाहेर उभे. आत त्या आणि सासूबाई बराच वेळ होत्या, हलक्या आवाजात काही बोलणं चाललं होतं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, थकवा होता.

"आमच्याकडं काही लेकरं रडतच नाहीत," त्या म्हणाल्या. "रडून रडून कुणी आलं नाही की रडायचं सोडून देतात. मला त्यांचीच जास्त काळजी असते." पिशवी उचलून त्या निघाल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "खरं बोललात ते बरं केलं."

संध्याकाळी मी सासूबाईंना धरूनच बसले. "आत्याबाई, तुम्हाला ऐकू येतं ना?"

"पहिल्या दिसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी सुई वाकळीत टोचून ठेवली. "बोललं की लोक भगत बोलवा म्हणतेत. तुझ्या सासऱ्याला सबद दिलाय मी. अन् भगत येऊन काय करंल? हाकलून लावंल. रडतंय म्हंजे लेकरू हाय. लेकराला भ्यायचं काहाला, माय? तू पाण्याला गेलीस की मी त्याच्यापाशी बसते. काही म्हणते त्याला. मग गप होतंय."

मला रात्री झोप लागली नाही. माझ्या पाठीमागं ही बाई रोज दुपारी काय करत बसते, ह्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

उन्हाळा सरत आला तेव्हा ह्यांच्या कचेरीत संस्थेचा फोन आला. मुलगी आहे, या म्हणून. आम्ही दोघं गेलो. काळीसावळी, वर्षाच्या आतली, डोळे मोठे. आयाबाईनं माझ्या हातात दिली तर अंग ताठ. रडली नाही, हसली नाही, चिकटलीही नाही. एसटीत तिला ऊन लागलं, धक्के बसले, भूक लागली असणार. तोंडातून आवाज नाही. ताईंचं बोलणं मला आठवलं.

घरीही तसंच. ओली झाली तरी गप्प. पडली तरी गप्प. उताणी पडून माळवदाच्या लाकडांकडं बघत राहायची. आणि गल्लीतल्या बाया मात्र येऊन तिची अलाबला घेऊन म्हणायच्या, "गुणाची हाय पोरगी. रडते तेवढी लई." काकू म्हणाल्या, "दुपारी लई रडते गं तुमची लेक. पोट दुखत असंल, ओवा दे." मी हो म्हणायचे. काय सांगणार? दुपारी ती माझ्यासमोर असायची, डोळे उघडे, ओठ मिटलेले.

आणि मग एका दुपारी मला ऐकू आलं.

सासूबाई त्या दिवशी माझ्याऐवजी टँकरला गेल्या होत्या. मुलगी माझ्या मांडीवर होती. आधी वाटलं, बाहेर कुठंतरी. मग कळलं, आतून, कोठीतून. तान्ह्या मुलाचं रडणं, बारीक, मध्ये दम लागून तुटणारं आणि पुन्हा सुरू होणारं. मुलीनं मान वळवून कोठीच्या दाराकडं बघितलं. मग माझ्याकडं. अंगणात पळून जावं असं पायांनी ठरवलं होतं. पण तिनं माझा पदर मुठीत धरला होता. आल्यापासून पहिल्यांदा तिनं माझं काही धरलं होतं.

मी तिला कडेवर घेतलं आणि आत गेले.

झरोक्यातून उन्हाची एक पट्टी पडली होती. वाकळ जमिनीवर अंथरलेली, मधला हातभर तुकडा टाक्यांवाचून राहिलेला. रडणं तिथूनच येत होतं, अगदी पायांपाशी. दिसत काही नव्हतं. मी खाली बसले. सासूबाई काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. जे तोंडात आलं ते बोलले. "हाय मी हितं. आले ना. रडू नको." माझा आवाज मलाच ओळखू येईना. एक हात मी वाकळीवर ठेवला, मोकळ्या जागेवर, आणि थोपटायला लागले.

कडेवरच्या मुलीची छाती वरखाली व्हायला लागली. ओठ वाकडे झाले. आणि तिनं तोंड उघडून असा टाहो फोडला की माझे कान बधिर झाले. क्षणभर दोन रडणी होती, मला पक्कं आठवतं, एक कानाशी आणि एक गुडघ्यापाशी. मग एकच राहिलं. ती लालबुंद होऊन, पाय झाडत, नाका-डोळ्यांतून वाहत रडत होती आणि मी तिला छातीशी धरून तिच्याबरोबर रडत होते.

सासूबाई घागर घेऊन आल्या. दारातच थांबल्या. थोडा वेळ कान देऊन उभ्या राहिल्या. "गेलं," एवढंच म्हणाल्या आणि पाणी ठेवायला गेल्या.

त्या दिवसानंतर मुलगी साध्या मुलांसारखी कशासाठीही रडायला लागली. दुसऱ्या रडण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. कोर्टाचा हुकूम झाला, भंतेजींनी येऊन नाव ठेवलं, काकूंनी तिच्यासाठी चांदीचे वाळे आणले. काही वर्षांनी आम्ही परत नांदेडला आलो. सासूबाई नांदेडलाच वारल्या. ते कोण होतं, त्यांना काही माहीत होतं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं नसतं, असं मला वाटतं.

मुलगी आता किनवटकडं मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका आहे. ती आमच्या पोटची नाही हे तिला लहानपणापासून माहीत होतं. त्या दुपारच्या रडण्याचं मात्र मी तिला मागच्या वर्षी सांगितलं, तिच्या खोलीबाहेरच्या पायरीवर बसून. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुला भीती नाही वाटली, आई?"

"वाटली की. पण तू पदर धरला होतास, पळणार कुठं?"

ती हसली. मग मुलींच्या जेवणाची वेळ झाली होती म्हणून उठून आत गेली.