टिटवी आणि आमचे साडू

अख्ख्या पनवेल तालुक्यात आमच्या साडूंइतका भित्रा माणूस दुसरा नाही. असलाच तर तो भीतीपोटी अजून घराबाहेर पडलेला नाही. लिफ्टमध्ये ते एकटे जात नाहीत आणि अनोळखी माणसाबरोबरही जात नाहीत, म्हणून पाच मजले जिन्यानं चढतात. लग्नाला होकार दिला तोसुद्धा नाही म्हणायची भीती वाटली म्हणून, असं माझी मेहुणी सांगते. हा माणूस निवृत्तीनंतर शिरढोणजवळची वडिलोपार्जित जमीन स्वतः कसायला लागला, तेव्हा आम्ही सगळेच धास्तावलो.

मे महिन्यात नांगरणीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होतो. शेताच्या मधोमध एक टिटवी किंचाळत उठली आणि थेट साडूंच्या डोक्यावर झेपावली. साडू पालथे पडले. मान वर केली तर नाकासमोर ढेकळांत चार ठिपकेदार अंडी. टिटवी अशुभ, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात ट्रॅक्टर जवळ आला. ड्रायव्हर गावातलाच. "काका, बाजूला व्हा. अंडी उचलून बांधावर ठेवतो, काय होत नाय," तो म्हणाला.

साडू हलले नाहीत.

"बाबा, मला तुझीही भीती वाटते आणि तुझ्या ट्रॅक्टरचीही," ते म्हणाले. "पण जागा बदलली आणि ती परत बसलीच नाही, तर?"

ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे. शेवटी त्यानं वळसा घातला आणि बाजेएवढा तुकडा न नांगरता सोडला.

तेव्हापासून साडू रोज एसटीनं शेतावर जायचे, डोक्यावर हेल्मेट घालून. "गाडी कुठाय?" असं कंडक्टरनं विचारलं, तर म्हणाले, गाडीची भीती वाटते. एकदा मी गेलो असताना एक कुत्रा वास काढत अंड्यांकडे निघाला. कुत्र्यांना तर साडू सगळ्यात जास्त घाबरतात. वर टिटवी ओरडत होती, खाली छत्री फिरवत साडू. त्यांचे डोळे गच्च मिटलेले होते. कुत्रा कोणाला भ्याला ते कळलं नाही, पण गेला.

मग एका सकाळी त्यांचा फोन आला. अंडी नव्हती, नुसती टरफलं होती. मी पोचलो तेव्हा ते ढेकळं चाचपत होते. मुंगूस, साप, घार, सगळ्यांची नावं घेऊन झाली होती. तोच बांधाकडून टिटवी किंचाळली. तिच्यामागे गवतात मातीच्या रंगाची चार पिल्लं काडीसारख्या पायांवर तुरुतुरु पळत होती. साडू मटकन खाली बसले आणि हेल्मेटची काच वर करून डोळे पुसू लागले.

थोड्याच दिवसांत टिटवी पिल्लांना घेऊन खाडीकडे सरकली. उरलेला तुकडाही नांगरून झाला. त्या संध्याकाळी आम्ही बांधावर बसलो होतो. आता निवांत झोप लागेल, असं मी म्हणालो. साडूंनी रिकाम्या शेताकडे पाहिलं.

"आता कोणी अंगावर येत नाही," ते हळूच म्हणाले. "फार सुनं वाटतं हो."