टायर आतून का झिजतात

संस्थानांचं विलीनीकरण झालं तेव्हा मी ग्वाल्हेर दरबारच्या मोटारखान्यात मिस्त्री होतो. आमचे पूर्वज दक्षिणेतून घोड्यावर बसून इकडे आले, आजोबा आणि वडील फौजेत राहिले, माझ्या हाती पान्हा आला. मोटारखाना बंद व्हायला फार वेळ लागला नाही. काही गाड्या विकल्या, काही नव्या सरकारकडे गेल्या, आणि त्या गाड्यांमागोमाग आम्हीही गेलो. मला स्टेशनाजवळ पडाव भागातल्या सरकारी वर्कशॉपात घेतलं.

तिथे सगळे ट्रक. मध्यभारताची राजधानी वर्षातले काही महिने ग्वाल्हेरला आणि काही महिने इंदूरला असे. म्हणजे दरवर्षी दोनदा कपाटं, फायली, टाइपरायटर, साहेबांचे पलंग असं सगळं ट्रकांत चढायचं आणि उतरायचं. ट्रक परत यायचे ते स्प्रिंगचे पाटे तुटलेले, ब्रेक संपलेले. आम्ही ते नीट करायचो, तोवर पुन्हा जायची वेळ. त्यातलं हे वर्ष कुठलं आणि ते कुठलं, आता आठवत नाही. अंगाला डिझेलचा वास आणि पाठीत कळ, एवढं मात्र आठवतं.

रविवारी थोडं बरं वाटायचं. एका सरदारांकडे मी जुन्या ओळखीनं त्यांची मोटार बघायला जायचो. इंग्रजी बनावटीची, दोन माणसांची, लांब बोनेटची गाडी होती. सरदारांनी हौसेनं घेतली होती आणि हौसेनंच आपल्या बायकोला, म्हणजे बाईसाहेबांना, चालवायला शिकवलं होतं. पुढे ते विषमज्वरात गेले. घरात त्यांचे धाकटे भाऊ कर्ते झाले. किल्ली त्यांच्या खिशात गेली. पण गाडी रेसकोर्सवर न्यायची ती बाईसाहेबांनीच, यात त्यांनी सुरुवातीला काही आडकाठी केली नाही.

रेसकोर्सवर तेव्हा घोडे उरले नव्हते. बहुतेक तबेले रिकामे झाले होते आणि मुरुमाचा तो मोठा गोल रस्ता नुसता पडून होता. थंडीच्या दिवसांत चार हौशी सरदारपुत्र आणि काही अफसर तिथे आपल्या मोटारी घेऊन यायचे. एकेक गाडी एकटी सोडायची, ठरलेल्या फेऱ्या मारायच्या, घड्याळ लावून वेळ बघायची. बक्षीस वगैरे काही नसायचं. थर्मासमधला चहा आणि चेष्टामस्करी. बाईसाहेब नऊवारीचा पदर कमरेला घट्ट खोचून, डोक्याला रुमाल बांधून चालवायच्या. कुणी हसलं तरी त्या तिकडे बघत नसत.

घोड्यांसारख्याच मोटारीही उजवीकडे वळत धावायच्या. सारखं उजवीकडे वळलं की गाडीचा भार डाव्या बाजूवर जातो, आणि पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड खरवडली जाते. सगळ्यांच्या गाड्यांचं तेच व्हायचं. बाईसाहेबांच्या गाडीचं मात्र वेगळंच होतं. तिचे पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेनं झिजायचे. बाहेरून बघावं तर नक्षी शाबूत, आणि खाली वाकून आत हात घातला तर गुळगुळीत.

त्या काळी अशा गाडीचा टायर मुंबईहून मागवावा लागे आणि आला तर आला. दुसरी जोडी खराब झाली तेव्हा धाकटे सरदार अंगणात सगळ्यांसमोर बोलले.

"वहिनीसाहेब, स्टिअरिंगला हिसके देता तुम्ही. दादा चालवायचे तेव्हा असं नव्हतं होत."

बाईसाहेब म्हणाल्या, "मी हिसके देत नाही."

"मग टायर आपोआप झिजतात?"

दीर आत गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "मिस्त्री, तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "सीध गेली असेल, बाईसाहेब. काढून देतो."

सीध काढणं म्हणजे पुढची चाकं एकमेकांशी बरोबर आणणं. गाडी सपाट फरशीवर उभी करायची, टायरवर खडूच्या खुणा करायच्या, आणि दोन्ही चाकांमधलं अंतर पुढच्या बाजूनं आणि मागच्या बाजूनं मोजायचं. पुढून ते किंचित कमी लागतं. धावताना चाकं जराशी बाहेर फाकतात, तेव्हा ती आधीच थोडी आत वळवून ठेवायची. मी मोजलं, खरंच फरक होता. चाकं जोडणाऱ्या मधल्या दांड्याचे आटे फिरवून तो काढला. बाईसाहेब पायरीवर बसून बघत होत्या.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. पुन्हा मी खडू, दोरी घेऊन बसलो. या वेळी मोजलं तर माप अगदी बरोबर, मागच्या वेळी ठेवलं तसंच. तरी टायर आतून झिजत होते. चाक जॅकवर उचलून हातानं हलवून बघितलं, काही हललं नाही. हवा कमी-जास्त करून बघितली. टायरांची अदलाबदल केली. आठवडाभर ट्रकांखाली झोपून रविवारी पुन्हा या गाडीखाली झोपायचं, आणि तिनं काही सांगायचं नाही. मला तिचा कंटाळा यायला लागला होता. घरी बायकोला मी म्हणालोही, "धाकटे सरदार म्हणतात तेच खरं असेल. बाईमाणसाचा हात."

बायको गोरखीजवळच्या शाळेत मुलींना शिकवायची. तिनं वह्यांवरून मान वर केली. "तुम्ही कधी बसलात त्यांच्या शेजारी?"

"मी कशाला बसू?"

"मग हाताचं कसं काय माहीत पडलं तुम्हाला?"

मी चिडलो आणि जेवायला वाढ म्हणालो.

त्याच सुमारास मध्यभारत मोडून नवा मोठा मध्यप्रदेश होणार आणि राजधानी भोपाळला जाणार हे पक्कं झालं. ग्वाल्हेरात लोक चौकाचौकांत उभे राहून भांडायचे, मोर्चे निघायचे, मग हळूहळू तेही थांबलं आणि जो तो आपलं नाव बदलीच्या यादीत आहे का ते विचारायला लागला. माझं होतं. भोपाळला नवं वर्कशॉप उघडायचं होतं. बायकोची शाळा इथे, मुलांच्या शाळा इथे, तिची आई माधवगंजात आमच्याच घरात अंथरुणाला खिळलेली. बायको म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा. आमचं बघू." त्यावर जास्त बोलणं झालं नाही. बोलायला दोघांच्याही अंगात त्राण नव्हतं.

धाकट्या सरदारांनाही नव्या सरकारात नोकरी मिळाली होती. तेही भोपाळला चालले होते आणि मोटार बरोबर नेणार होते. जायच्या आधी दसऱ्यानंतर रेसकोर्सवर शेवटच्या फेऱ्या करायच्या असं त्या मंडळींनी ठरवलं. कारण अर्धेअधिक लोक जाणारच होते.

बाईसाहेबांनी मला बोलावणं पाठवलं. मी गेलो तर त्या गाडीत बसून होत्या. म्हणाल्या, "बसा, मिस्त्री."

मी घाबरलो. "कुणी बघितलं तर..."

"बघू दे. खाली झोपून झालं तुमचं. आता वर बसून बघा."

रेसकोर्स रिकामं होतं. दोन शेळ्या चरत होत्या. पहिली फेरी त्यांनी सावकाश मारली, दुसरी जोरात. मी दरवाज्याला धरून बसलो. त्यांचा हात बघत होतो. इतका शांत हात मी दरबारच्या ड्रायव्हरांतही फार थोड्यांचा पाहिला होता. वळणाआधी ब्रेक दाबला की स्टिअरिंगचं चाक त्यांच्या हातात थरथरायचं. सरळ रस्त्यावर आल्यावर त्या म्हणाल्या, "आता बघा," आणि दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. गाडी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, दारूड्यासारखी चालायला लागली.

त्यांनी पुन्हा हात ठेवले. "उभी असते तेव्हा तुमचं माप बरोबर येतं. धावायला लागली की ती सुटते. मला हे हातात कळतं, पण कुठे सुटते ते मला सांगता येत नाही. ते तुम्ही शोधा."

मग मला शोधायची दिशा मिळाली. परत आल्यावर मी पुढची चाकं उचलली आणि हातानं न हलवता लांब पहार घेतली. चाकाखाली घालून जोर लावला. जिथे हाताला काही लागत नव्हतं, तिथे पहारेच्या जोरानं चाक टक् करून सरकलं. चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळतं, तिच्या भोवतीचे पितळी बुश, म्हणजे आतल्या नळ्या, झिजून गेले होते. जाड ग्रीस भरलेलं असल्यामुळे हाताला ते घट्ट वाटायचे. गाडी वेगात आली, रस्त्याचा जोर बसला, की ग्रीस बाजूला सरायचं आणि दोन्ही चाकं बाहेरच्या बाजूला फाकायची, जोडीतल्या दोन बैलांनी दोन दिशांना ओढावं तशी. आतली कड घासत जायची.

"सापडलं, बाईसाहेब," मी म्हटलं.

त्या जवळ आल्या. मी पहार त्यांच्या हातात दिली. त्यांनी स्वतः जोर लावून बघितला, पुन्हा बघितला. चाक प्रत्येक वेळी टक् करून हललं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्या हसत होत्या. "म्हणजे मी नव्हे," त्या म्हणाल्या.

"नाही, बाईसाहेब. तुम्ही नव्हेच."

नवे बुश मिळायचे नव्हते. मी वर्कशॉपच्या लेथवरच्या खरादवाल्याला पितळेचा तुकडा देऊन करवून घेतले. तो म्हणाला, "उस्ताद, भोपाल जाना है आपको, और अभी तक इसी गाड़ी में लगे हो?" मी म्हटलं, "बस ये आख़िरी है." दोन रविवार गेले त्यात. बुश बसवले, सीध काढली, टायर मात्र तेच जुने राहिले. धाकट्या सरदारांनी मुंबईहून आलेले नवे द्यायला नकार दिला. भोपाळच्या रस्त्यासाठी ते राखून ठेवायचे होते.

शेवटच्या फेऱ्यांच्या दिवशी मैदानावर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. बायका, मुलं, डबे. सगळे एकमेकांना भोपाळचं घर मिळालं का ते विचारत होते. बाईसाहेबांची पाळी मध्यावर आली. गाडी आता रुळावरून जावी तशी जात होती. वळणात पुढचं चाक थरथरलं नाही, हे मला दुरूनही दिसलं. एक म्हातारे कर्नल उठून उभे राहिले.

पण एक फेरी उरलेली असताना त्यांनी वेग कमी केला आणि गाडी आमच्यासमोर आणून उभी केली. उतरल्या, पुढच्या डाव्या टायरच्या आत हात घातला आणि मला बोलावलं. जुनी झीज होतीच. आतलं कापड वर आलं होतं. आणखी एक वळण घेतलं असतं तर टायर फुटला असता.

धाकटे सरदार धावत आले. "काय झालं? का थांबलात?"

"टायर जाणार होता," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला आतून कसं कळलं?"

"आवाज बदलला."

ते खाली वाकले, बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मिस्त्री, गाडी बाकी झकास चालली हं आज. चांगलं काम केलंत."

मी म्हटलं, "दोष बाईसाहेबांनी ओळखला, सरकार. बुश गेले होते. त्यांच्या हातामुळे टायर झिजत नव्हते."

"असं होय," ते म्हणाले आणि चहाकडे गेले. एवढंच. मला वाटलं होतं ते वहिनींना काही बोलतील. बाईसाहेबांनी डोक्याचा रुमाल सोडला, त्यानं हात पुसले आणि टांग्यात जाऊन बसल्या.

पुढच्या आठवड्यात मोटार नव्या टायरांवर भोपाळला गेली. नंतर काही दिवसांनी मीही गेलो. स्टेशनवर सगळं ग्वाल्हेर भरलं होतं. वळकट्या, ट्रंका, पिंजऱ्यातला पोपटसुद्धा. गाडीत मी ट्रंकेवरच बसलो, डोळा लागला आणि झाशी कधी गेली मला कळलं नाही.

भोपाळला सुरुवातीला राहायला एका पत्र्याच्या शेडमध्ये खाट मिळाली. काम तेच, फक्त ट्रक जास्त आणि मिस्त्री कमी. होळीला चार दिवसांची रजा घेऊन घरी आलो. पडावला उतरून टांगा शोधत होतो, तर समोर एक फौजी जीप थांबली. लिलावातली, रंग उडालेली. चालवायला बाईसाहेब, मागे बियाण्याची पोती.

"मिस्त्री! कधी आलात?"

मी नमस्कार केला. त्यांनी सांगितलं की वाटणीत त्यांच्याकडे डबरा गावाच्या बाजूची थोडी जमीन राहिली होती. दिरांना त्यात रस नव्हता. त्या आता दिवसाआड स्वतः तिकडे जात होत्या. माहेरून आलेली जुनी चांदी मोडून जीप घेतली होती.

"सासरी चालतं?" मी विचारलं.

"विचारलं नाही मी," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "भोपाळला कसं आहे?"

"थकायला होतं, बाईसाहेब."

"दिसतंय. बसा, माधवगंजला सोडते."

मी पोत्यांवर बसलो. गर्दीतून त्या सावकाश चालवत होत्या, सारखा हॉर्न वाजवत. घराशी उतरलो तेव्हा बायको दारात उभी होती. तिनं जीपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. "आधी आंघोळ करा," म्हणाली. "आई जागी आहे, तिला भेटा. मग झोपा. चार दिवस कुणी उठवणार नाही तुम्हाला."