कचऱ्याला हाक कोण मारतं?

गोरेगावच्या कचराबाईचं नाव काही कोणी टिंगलीनं ठेवलेलं नव्हतं. आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं हिला जन्मताच उकिरड्यावर लोळवलं आणि कचरा म्हटलं. आई सांगायची, दिवेलागणीला दारामागं कोणीतरी उभं असतं. चांगलं नाव कानावर पडलं की लेकरू उचलतं. कचऱ्याला कोण हात लावतो? पुढं घर ख्रिस्ती झालं. चर्चच्या पाळकांनी नवं नाव देऊ म्हटलं, तर या बाईनं तोंडावर पदरच धरला. देवावर भरवसा होता हो, पण दारामागची भीती त्याहून जुनी.

दर रविवारी चर्चच्या ओट्यावर ती गल्लीतल्या लेकरांना गोष्टी सांगे. त्या दिवशी उकिरड्यात पडलेल्या चिंधीच्या बाहुलीची गोष्ट चालली होती. तिला शिवणारा तिचं नाव घेऊन हाका मारत फिरतो, आणि बाहुली भिऊन राखेत आणखी खोल शिरते.

"काहून?" शेजारच्या मुन्नीनं विचारलं.

"तिला वाटतं, चोरून न्यायला कोणी आलं."

"चोर काय नाव घेऊन हाक मारतो व्हय? ज्यानं शिवली त्योच मारंल ना!"

कचराबाईच्या अंगावर काटा आला. गोष्ट तिचीच, आणि इतकी वर्षं तिलाच कळली नव्हती.

त्याच संध्याकाळी लेकीच्या बाळाचं नाव ठेवायचं होतं. ज्योतीची आधीची दोन लेकरं गेलेली. "आई, हिला धोंडीच म्हणू," ती रडत म्हणाली, "तू बी तशीच वाचलीस."

बाहेर अंधारून आलं. शेळ्या एकाएकी गप्प झाल्या. वारा नव्हता, तरी दाराची कडी हलली. ज्योतीनं बाळाचे कान झाकले.

 कचराबाई उठली, तिनं दार सताड उघडलं आणि अंधाराला ओरडून सांगितलं, "अनमोल! माझ्या नातीचं नाव अनमोल हाय. फेकलेली न्हाई ती, जीव लावून घडवलेली हाय!"

उंबऱ्यापलीकडं कोणी श्वास घ्यावा तसं झालं. मग काहीच नाही. बाळ झोपेत तोंड हलवत दूध शोधत होतं.

"आई," ज्योती हळूच म्हणाली, "आन तुला काय म्हणायचं?"

कचराबाईनं दार लोटलं नाही. "माझं बी नाव असंल एक. मला ठाऊक न्हाई, ज्यानं घडवलं त्याला हाय," ती अंधाराकडं बघत म्हणाली. "मारंल हाक, तवा ओ देईन."