सिंधुताईंचे सागवानी स्पीकर

औसा रोडला आमच्या समोरच्या घरात सिंधुताई राहतात. वय सदुसष्ट. टेलिफोन खात्यातून रिटायर होऊन सात वर्षं झाली, तरी कुणी हाक मारली की त्या "काय?" म्हणत नाहीत, "बोला" म्हणतात. नोकरीतली सुरुवातीची अठरा-वीस वर्षं त्या लातूरच्या ट्रंक बोर्डावर परगावचे फोन जोडायला होत्या. डोक्याला हेडसेट, समोर भोकांची फळी, हातात प्लग लावलेल्या दोऱ्या. कुणाला नांदेडला बोलायचं असलं की सिंधुताई नांदेडला हाक द्यायच्या आणि तिकडून भामाबाई उत्तर द्यायच्या. नावं घ्यायची पद्धत नव्हती. "नांदेड, बोला." "बोला लातूर." पुढे ओळख झाली, मैत्री झाली, पण नावं तीच राहिली. लाइन मोकळी असली की तिकडून यायचं, "काय लातूर, जेवलीस का?"

अशी पाच वर्षं गेल्यावर, चौऱ्याऐंशी साली, सिंधुताई पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला नांदेडला गेल्या आणि भामाबाईंना पहिल्यांदा समोरासमोर भेटल्या. तारेवर भामाबाईंचा आवाज बारीक, नाकातून आल्यासारखा यायचा. समोर बोलल्या तेव्हा सिंधुताई चपापल्या. आवाज भरदार, किंचित घोगरा, पोटातून येणारा.

"मला वाटलं, ही कुणी दुसरीच बाई हाय," सिंधुताई अजून सांगतात. "तारेनं हिचा अर्धा आवाज वाटेतच ठेवून घेतला होता."

भामाबाईंचा नवरा तेव्हा विष्णुपुरीच्या धरणाच्या कामावर होता. तिथल्या कॉलनीत एका इंजिनियर साहेबांकडे गाण्याचं मोठं वेड होतं. एका रविवारी भामाबाई सिंधुताईंना तिकडे घेऊन गेल्या. हॉलमध्ये कंबरेइतक्या उंचीचे दोन सागवानी स्पीकर, पुढच्या बाजूला तपकिरी कापड. साहेबांनी तबकडी लावली. एक बाई गायला लागली, आणि गाण्याआधी तिनं घेतलेला श्वास सिंधुताईंना ऐकू आला. दिवसाचे आठ तास माणसांचे पातळ आवाज ऐकणाऱ्या सिंधुताई हातातला चहा तसाच धरून बसून राहिल्या.

दोन वर्षांनी साहेबांची बदली झाली. एवढं अवजड सामान कुठं न्यायचं, म्हणून त्यांनी स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर विकायला काढला. भामाबाईंनी ट्रंक लाइनवरूनच सौदा पक्का केला. स्पीकर गोधड्यांत गुंडाळून एसटीच्या टपावर बांधले गेले, आणि लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला आले. सोबत भामाबाई स्वतः. प्रत्येक स्टँडवर खाली उतरून त्या टपाकडे बघत होत्या.

लातूरच्या क्वार्टरमध्ये दोनच खोल्या. दोन्ही स्पीकर एकावर एक रचून पलंगाशेजारच्या कोपऱ्यात उभे केले. तसेच सात वर्षं वाजले. मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. त्या आठवड्यात बोर्डावरच्या बायका घरी फक्त अंघोळीला यायच्या. किल्लारीकडच्या माणसांची विचारपूस करणारे फोन मुंबईहून, पुण्याहून, हैदराबादहून येत होते, आणि पुढं जोडायला लाइनच नव्हती. त्या दिवसांतलं सिंधुताई फारसं सांगत नाहीत. एवढंच म्हणतात, की त्यानंतर घरी आल्यावर कुठलाच आवाज नको व्हायचा. त्यांचे यजमान वैजनाथराव यांनी काही न विचारता स्पीकर माळ्यावर टाकले. नंतर पोरांच्या परीक्षा आल्या, बदल्या झाल्या, क्वार्टर बदलली. प्रत्येक वेळी स्पीकर एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर गेले.

गेल्या वर्षी मुलानं, आदिनाथनं, हे घर बांधलं. वास्तुशांत झाल्यावर पंधरा दिवसांनी सिंधुताई सुनेला म्हणाल्या, "पुनम, हॉल चौदा बाय अठराचा हाय ना?"

"हो आई. का हो?"

"माझे स्पीकर खाली काढायचे."

पुनमनं त्या हॉलसाठी पडदे स्वतः निवडले होते. तिनं एकदा पडद्यांकडे पाहिलं. वैजनाथराव पेपरमागून म्हणाले, "तीस वर्षं झाली. उंदरांनी घर केलं असंल त्यात."

उंदरांनी केलं नव्हतं. पण वरचं कापड काढलं तर कागदी कोनाच्या कडेला असलेला फोमचा गोल पार सडून गेला होता. बोट लावलं की काळा भुगा हाताला यायचा. सिंधुताईंनी गंजगोलाईतली तीन दुकानं पालथी घातली. तिन्हीकडे एकच उत्तर, नवीन घ्या, ब्लूटूथवाले. चौथ्या दुकानदारानं शिवप्पांचा पत्ता दिला. शिवप्पा मूळचे उदगीरचे. आयुष्यभर रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त केले, आता घरीच बसतात. ते रिक्षातून आले, गुडघ्यावर बसले, आणि कोनावरून डॉक्टरसारखा हात फिरवला.

"अक्का, कागद शाबूत हाय," ते म्हणाले. "कडा नवीन बसवतो. असला कागद आता कुणी लावत न्हाई."

त्यांना तीन आठवडे लागले. कडा हैदराबादहून मागवाव्या लागल्या. अ‍ॅम्प्लिफायरमधले फुगलेले कंडेन्सर बदलले. सिंधुताईंचा जुना टेप-डेकही त्यांनी चालू करून दिला. एका सकाळी दहा वाजता सगळं हॉलमध्ये जोडलं गेलं. पुनमच्या सांगण्यावरून दोन्ही स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना, भिंतीला चिकटवून, अगदी कोपऱ्यात लागले. दिसायला छान दिसत होते. पण गाणं लावलं तर बाई घागरीत तोंड घालून गातेय असं वाटायला लागलं. तबल्याचा डग्गा सगळ्या घरभर घुमत होता.

"खराब झाले वाटतं," वैजनाथराव म्हणाले.

"स्पीकर बरोबर हायत," शिवप्पा म्हणाले. "कोपरा घुमून राहिलाय. भिंतीपासून दीड हात पुढं घ्या."

दीड हात पुढं घेतले तर टीव्हीसमोरचा रस्ता अडला. पुनमनं टीपॉय स्वतःच उचलून बाल्कनीत ठेवला. मग शिवप्पांनी सुतळी मागितली. एका स्पीकरपासून दुसऱ्यापर्यंत सुतळी मोजली, आणि तेवढ्याच अंतरावर समोर खुर्ची ठेवायला सांगितली, म्हणजे तिन्ही बाजू सारख्या. वरचा लहान स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यायला हवा, म्हणून खाली लाकडी पाट घातले. दोन्ही पेट्या खुर्चीकडे जराशा वळवल्या. चकचकीत फरशीवरून आवाज उसळत होता, म्हणून माळ्यावरची जुनी सतरंजी अंथरली. पडद्यांचा उपयोग झाला, हे शिवप्पांनी मुद्दाम सांगितलं, आणि पुनमचा चेहरा जरा खुलला. पेट्यांच्या जागा त्यांनी खडूनं आखल्या. दुसऱ्या दिवशी फरशी पुसताना खुणा गेल्या, तेव्हा पुनमनं आपल्या नेलपॉलिशनं पुन्हा ठिपके दिले.

त्या सकाळी सगळं जागेवर लागल्यावर शिवप्पांनी खुर्चीत बसून डोळे मिटले. "बगा अक्का. आता बाई बरोबर मधी उभी हाय. डावीकडं न्हाई, उजवीकडं न्हाई. बसा."

सिंधुताई बसल्या. गाणं सुरू झालं. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "उजवीकडं हाय."

"मधी हाय अक्का."

"न्हाई. उजव्या पेटीतूनच येतंय."

शिवप्पांनी वायरी तपासल्या. डावी पेटी उजवीकडे, उजवी डावीकडे करून पाहिली. पुनम बसली, तिलाही आवाज मधूनच आला. सिंधुताई पुन्हा बसल्या. बाई उजवीकडेच गात होती. शिवप्पांनी काही बोलायच्या आत सिंधुताईंना स्वतःलाच उमगलं. त्यांनी उजव्या कानावर तळवा ठेवला. हॉल एकदम लांब गेला, पडद्याआड गेल्यासारखा. हेडसेटचा गोळा त्या वीस वर्षं डाव्या कानाला लावत होत्या, कारण उजव्या हातानं प्रत्येक कॉलचं तिकीट, म्हणजे नोंदीची चिठ्ठी, लिहायला लागायची आणि वायर त्या हाताच्या आड यायला नको होती.

त्यांनी हात खाली घेतला. शिवप्पांना चहा दिला, रिक्षापर्यंत सोडायला गेल्या, आणि परत येऊन अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. दोन दिवस स्पीकर नुसते उभे होते. तिसऱ्या दिवशी दुपारी वैजनाथराव दिवाणावरून उठून त्यांच्या खुर्चीजवळ आले.

"लावत न्हाईस?"

"काय लावू? मला निम्मंच येतंय ऐकायला. तुम्हाला सांगितलं न्हाई, पण डावा कान गेलाय वाटतं."

"मला ठाऊक हाय," वैजनाथराव म्हणाले.

"कधीपासून?"

"झाली धा-बारा वर्षं. डावीकडून हाक मारली की तू बघायची न्हाईस. मला आधी वाटलं, रागवून राहिलीस. मग ध्यानात आलं. तवापासून मी उजव्या बाजूला बसतो."

सिंधुताईंनी आठवून पाहिलं. खरंच होतं. लग्नकार्यात, डॉक्टरकडे, एसटीत, जेवताना, हा माणूस कायम उजव्या हाताला. मिळालेली खिडकीची जागा सोडूनसुद्धा. त्या म्हणाल्या, "मग बोलायचं न्हाई का?"

"बोलून काय करायचं होतं? तुला वाईट वाटलं असतं."

त्या संध्याकाळी सिंधुताईंनी अ‍ॅम्प्लिफायरचा बॅलन्सचा खटका, डाव्या-उजव्या पेटीचा आवाज कमी-जास्त करणारा, जरासा डावीकडे फिरवून पाहिला. बाई हळूहळू सरकत मधोमध आली. त्यांनी ती कॅसेट दोन्ही बाजूंनी ऐकली. मधे काही ओळींना त्यांचे डोळे भरून आले, असं पुनमनं मला सांगितलं. मात्र बाकीच्यांना सगळं आता डावीकडून ऐकू यायचं. पुनमला तिची गाणी लावताना खटका सरळ करावा लागायचा आणि सिंधुताईंना परत वाकडा. सासू-सुनेचं त्यावरून कधी वाजलं नाही, पण खटक्याला विश्रांती नव्हती.

दिवाळीनंतर भामाबाई चार दिवसांसाठी आल्या. आता एकट्याच असतात. मुलगा धम्मदीप पुण्याला नोकरीत. दारातच म्हणाल्या, "काय लातूर, कुठं ठेवलंस माझं ओझं?" हॉलमध्ये येऊन त्यांनी दोन्ही पेट्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. जेवणं झाल्यावर सिंधुताईंनी त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं, खटका सरळ केला आणि विचारलं, "कुठनं येतंय?"

भामाबाईंनी मान थोडी वाकडी केली. "डावीकडनं. कामून?"

सिंधुताईंनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. भामाबाई डावखुऱ्या. तिकिटं डाव्या हातानं लिहायच्या, म्हणून हेडसेट कायम उजव्या कानाला. इतकी वर्षं बोलण्यात हे कधी आलंच नव्हतं. सिंधुताईंनी सगळं सांगितलं तेव्हा भामाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"खात्यानं दोघींचा एकेक कान ठेवून घेतला म्हण की," त्या म्हणाल्या.

मग दोघींनी मिळून जागा शोधायला सुरुवात केली. एकीनं बसायचं, दुसरीनं खुर्ची वीतभर सरकवायची. सिंधुताई डाव्या पेटीच्या जरा जवळ सरकल्या की त्यांना गाणं मधून ऐकू यायचं. भामाबाईंना उजवीकडे सरकावं लागलं. दुपारी चारपर्यंत दोन खुर्च्या ठरल्या, मधे हातभर अंतर. खटका सरळच राहिला. पुनमनं दोन्ही खुर्च्यांच्या पायांपाशीही ठिपके दिले. तशा बसल्यावर सिंधुताईंचा चांगला कान भामाबाईंकडे आणि भामाबाईंचा सिंधुताईंकडे आला. गाणं चालू असतानाही हळू आवाजात बोलता येऊ लागलं, आणि त्या बोलल्याही भरपूर.

दुसऱ्या दिवशी भामाबाईंनी पिशवीतून एक कॅसेट काढली. नांदेडचा ट्रंक बोर्ड बंद झाला त्या दिवशी कुणीतरी टेबलावर टेपरेकॉर्डर चालू ठेवला होता, त्याची. "गाणंबिणं न्हाई यात," त्या म्हणाल्या. "नुसता गलबला हाय. तरी ऐक."

आधी पंख्याची घरघर आली. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज, प्लग बसल्याचा खट् आवाज, कपबश्या, कुणीतरी हसलं. मागे कुठेतरी रेल्वेची शिट्टी. मग भामाबाईंचा तरुण आवाज, भरदार, अगदी समोर, दोन पेट्यांच्या मधोमध: "लातूर, बोला." आणि गप्पपणा. पलीकडून सिंधुताई जे बोलल्या ते भामाबाईंच्या हेडसेटमध्ये गेलं होतं, टेपवर आलंच नव्हतं. थोड्या वेळानं भामाबाईंचा आवाज: "हाव, आज शेवटचंच. रडू नको बरं. मी येते भेटायला."

सिंधुताई पुढे वाकून ऐकत होत्या. "पंखा एवढा वाजायचा तुझ्या डोक्यावर?"

"लई. कधी दुरुस्तच केला न्हाई त्यांनी."

"मला कधी ऐकूच आला न्हाई. आणि रेल्वे एवढी जवळ होती?"

"स्टेशन तिथंच की."

"मला वाटायचं, तू एकटी बसतेस. लहानशा खोलीत." सिंधुताईंनी कॅसेट मागे फिरवली आणि पहिल्यापासून परत लावली. मधे एक जाडा हसरा आवाज आला. "ही कोण?"

"सुपरवायझर बाई. तुझ्याशी रोज भांडायची ती."

"ही एवढी हसायची?"

कॅसेट त्यांनी त्या दिवशी तीनदा ऐकली. प्रत्येक वेळी सिंधुताई काहीतरी नवीन विचारत होत्या. खिडकी कुठल्या बाजूला होती, पाण्याचा माठ कुठे, चहा कोण आणायचं. भामाबाई हवेत बोट फिरवून दाखवत होत्या, जणू एक्स्चेंजची खोली हॉलच्या आत उभी होती.

चौथ्या दिवशी भामाबाई नांदेडच्या गाडीत बसल्या. निघताना पुनमला म्हणाल्या, "माझी खुर्ची हलवू नको गं. मी माघात परत येणार हाय." पुनम म्हणाली, "नाही हलवत मावशी, फरशी तेवढी पुसू द्या."

त्या दुपारी सिंधुताईंनी स्पीकर लावले. वैजनाथराव दिवाणावर होते. थोड्या वेळानं ते उठले, भामाबाईंच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसले आणि पाय सतरंजीवर ठेवले. गाणं अर्ध्यावर आलं होतं.

"ही कोण गातेय?" त्यांनी विचारलं.

सिंधुताईंनी नाव सांगितलं. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, त्यात हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला होता. वैजनाथराव "हं" म्हणाले, आणि ती बाजू संपेपर्यंत तिथून उठले नाहीत.