जयूची एक आपट बाकी

दामूचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर पापड घालत होते. खाली येऊन फोन घेतला. "ताय, जयू गेली," एवढंच तो म्हणाला. दामू म्हणजे जयूचा भाऊ. मी वर जाऊन उरलेले पापड घातले, त्यांवर जुनं पातळ पांघरलं आणि सातपाटीची एसटी पकडली.

दहाव्याला आम्ही ज्युदोच्या मुली, म्हणजे आता चाळिशीच्या बाया, तिच्या अंगणात बसलो होतो. शेवटी जयूची आईच म्हणाली, "गप काय बसल्या? ती मासळीची गोष्ट सांगा."

वर्षानुवर्षं एकमेकींना उचलून आपटलं की अंगावरचे वळ जातात, किस्से तेवढे साठून राहतात.

*

तर मासळी. आमचे सर बोईसरच्या एका कारखान्यात शिफ्ट करून संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये ज्युदो शिकवायचे. मॅट कुठली असायला! पेंढा भरलेली पोती आणि त्यांवर जयूच्या वडिलांच्या होडीचं जुनं शीड. सुरुवातीचे दोन-तीन महिने फक्त पडायला शिकवलं. पाठ टेकायच्या आत हात जमिनीवर जोरात आपटायचा, म्हणजे मार हाताला लागतो, कण्याला नाही.

त्याच दिवसांत जयू धक्क्यावर घसरली. डोक्यावर पापलेटांची पाटी होती. जयू पडली ती अगदी पुस्तकातल्यासारखी. हनुवटी छातीला, हात फाडकन जमिनीवर. पापलेटं मात्र चिखलात.

तिची आई वरून बघत होती. "मासळी टाकून हात आपटाया शिकवतात काय गं तिथं?"

*

जयूचा ज्युदोचा पांढरा ड्रेस घरी बोंबलांच्या शेजारीच वाळायचा, त्याच बांबूंवर. आम्हाला त्या वासाचं काही वाटत नसे. आमच्या नाकांना तो ज्युदोचाच वास वाटायचा.

जयू पहिल्यांदा परदेशी खेळायला गेली. समोरची चांगली दांडगी होती. तिने येऊन जयूची कॉलर धरली, कॉलर नाकाजवळ आली, आणि बाईने तोंड फिरवलं. तेवढ्यात जयूने तिला पाठीवर टाकलं. सामना तिथेच संपला.

परत आल्यावर सरांनी हौसेने विचारलं, कोणता डाव लावलास?

"बोंबील, सर."

त्यानंतर प्रत्येक स्पर्धेआधी हॉलमधल्या सगळ्या मुलींचे ड्रेस वाळायला सातपाटीला जयूकडे जायला लागले. सरांनी हरकत घेतली नाही.

*

जयूचं लग्न. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला. समोर माणूस उभा आहे म्हटल्यावर जयूने सवयीने पाय जुळवले, हात मांड्यांवर ठेवले आणि कमरेतून वाकून नमस्कार केला. सामन्याआधी करतात तसा.

मागच्या खुर्चीत सर बसले होते. तेही सवयीचेच गुलाम. ते खणखणीत आवाजात ओरडले, "हाजिमे!"

म्हणजे जपानीत 'सुरू करा'. नवरदेवाला जपानी येत नव्हतं, तरी तो हार घेऊन मागे सरकला. पुढे नांदताना तो सांगायचा, की आपण पहिल्याच मिनिटाला हरलो ते बरं झालं.

*

सरांचा एक नियम होता. खेळ सोडणाऱ्याने जाताना हॉलमधल्या प्रत्येकाच्या हातून एकेकदा पडायचं. मोठा असो की छोटा, पडल्याशिवाय सुटका नाही. तोवर नाव हजेरीत राहायचं.

गुडघा गेल्यावर जयूवर ती पाळी आली. रांगेतल्या सगळ्यांकडून ती हसत हसत पडली. शेवटी मी. इतकी वर्षं सरावात ती पाडायची आणि मी पडायची, अशी आमची जोडी. मी म्हटलं, माझी पाठ धरलीय, पुढच्या आठवड्यात बघू.

"सर, माजी एक आपट बाकी हाय," जयूने जाहीर केलं. सरांनी तिचं नाव काढलं नाही.

मग तिने माझा पिच्छाच पुरवला. पालघरच्या बाजारात हातात भाजीची पिशवी असताना, माझ्या जावेच्या हळदीकुंकवात, कुठेही पुढ्यात उभी राहून म्हणायची, "चल सुलू, पाड." मी म्हणायची, पाडलं की तू सुटणार. मी नाही पाडत.

"मंग मी अजून खेळाडूच!" असं म्हणून ती माझ्याच पिशवीतलं गाजर खायची.

*

ती आजारी पडल्यावर एकदा आम्ही दोघी शिरगावच्या किनाऱ्यावर गेलो. तिला चालताना धाप लागत होती. ओल्या वाळूवर आल्यावर ती थांबली.

"इथं मऊ हाय. आन् वजन बी किती उतरलंय बघ, पार खालच्या गटात आलेय मी. आता तरी पाड."

तिने स्वतःच माझा उजवा हात आपल्या कॉलरवर ठेवला. डावा बाहीवर. माझा पाय कुठे हवा ते पायाने सरकवून दाखवलं. मग पाय जुळवून, वाकून नमस्कार केला, आणि हसू दाबत वाट बघत उभी राहिली.

मी तिची कॉलर नीट केली. मग आम्ही तिथेच बसून शेंगा खाल्ल्या.

मी तिला पाडलं नाही.