टाळूला तेल नाही

नरक चतुर्दशीची पहाट, कानडी मुलखात चिकपेटमधलं आमचं घर. हजर: आई, आत्या आणि पाटावर बसलेली कॉलेजातली मी. आज शेजारी कुणीतरी खोबरेल कोमट केलं आणि त्या वासानं मी थेट तिथं पोचले.

त्या वर्षी कोंड्यानं माझी टाळू खाजवून लाल झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं: हा कोरडेपणा नाही, टाळूवरची बुरशी तेलावरच पोसते. तेल बंद करायचं आणि औषधी शांपूचा फेस पाच मिनिटं ठेवून मग धुवायचं.

आत्या तेलाची वाटी घेऊन आली. मी हात दिले, पाठ दिली. डोकं दिलं नाही.

"अगं, स्वल्प तरी लाव. आज तेल न लावणारा नरकात जातो."

"नरक डोक्यावरच आहे, आत्या. त्यालाच खाऊ घालतेस."

"तेलानं कोंडा बसतो!"

"बसत नाही, चिकटतो. म्हणून दिसत नाही."

वाटी तिरकी झाली. मी दोन्ही तळवे टाळूवर दाबले. तेल मनगटांवरून ओघळलं, पण केसांत थेंब जाऊ दिला नाही. तेवढ्यात आई पुढे आली. "सरी, बरं, आता माझं डोकं," म्हणत तिनं वाटीखाली मान वाकवली.

तेव्हा वाटलं, मी एकटीनं जिंकलं. आज आईची ती वाकलेली मान दिसते. माझा नकार मात्र तेव्हाही बरोबर होता, आजही आहे.

आता आत्याच्या भुवयांतही पापुद्रे धरतात. ती त्याला कोरडेपणा म्हणते आणि तेल चोळते. तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे न्यायचं अजून राहिलंय.