मले नाही समजलं

रिसोडच्या बाजारात ती मेथी आणि लिंबं विकते. तिची मुलगी माझ्या वर्गात आहे. शाळा सुटली की पोरगी आईशेजारी बसून मेथीच्या जुड्या बांधते आणि त्या दिवशीचा धडा आईला सांगते. आईचं उत्तर ठरलेलं, "मले नाही समजलं. पुन्हा सांग." बाईची समज जरा कमीच असावी, असं मी धरून चाललो होतो.

परवा पोरगी तापानं घरी होती. मी भाजीला गेलो, तर बाईनं मलाच बसवलं. "सर, आज काय शिकोलं? तिले घरी सांगा लागते."

मी चंद्रग्रहण सांगितलं. "पृथ्वीची सावली चंद्रावर पडते."

"नाही समजलं. पुन्हा सांगा."

पुन्हा सांगितलं.

"मंग दर पुनवेले ग्रहन काहून नाही लागत?"

वर्गात हे मला कधी कोणी विचारलं नव्हतं. शेवटी चंद्र म्हणून तिचंच एक लिंबू उचललं, मेथीची जुडी पृथ्वी धरली आणि लिंबू कधी जुडीच्या सावलीच्या वरून, कधी खालून फिरवून दाखवलं. तेव्हा कुठे तिनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी धडा संपल्यावर मी "समजलं का?" असं विचारलंच नाही. खडू पुढच्या बाकावर ठेवला आणि म्हणालो, "मले नाही समजलं. आता तुमी सांगा."